आठ महिने झाले, जुना प्लाझ्मा अजून भिंतीवर आहे

खानापूरच्या मामांनी नवा टीव्ही घेतला आणि त्यांचा ४२ इंची प्लाझ्मा टीव्ही आमच्याकडे, बेळगावात शहापूरला आला. उचलायला तिघं लागलो. गल्लीत सगळे म्हणाले, भंगार आणलंस. आठ महिने बघून सांगतो, फुटबॉलसाठी मला यापेक्षा चांगला पडदा नको. लांब पास हवेत असताना चेंडू गोलच राहतो, मागे धुरकट शेपूट येत नाही.

यात मागून उजेड टाकणारा दिवा नसतो. दोन काचांमध्ये लाखो बारीक कप्पे, त्यांत निऑन-झेनॉन वायू. वीज मिळाली की वायूतून अतिनील किरण निघतात आणि कप्प्यातला लाल, हिरवा किंवा निळा फॉस्फर, म्हणजे किरण पडले की चमकणारा लेप, उजळतो. काम नसलेला कप्पा विझलेला, म्हणून काळा रंग खोल दिसतो. अगदी ठार काळा मात्र नाही. कप्पे पेटायला तयार ठेवावे लागतात, त्याची फिकट झाक खोलीतले दिवे घालवले की दिसते. ही झाक कमी करण्यात पायोनिअर कंपनीच्या २००७ च्या 'कुरो' टीव्ही मालिकेने मोठी मजल मारली. जपानीत कुरो म्हणजे काळा.

मूळ शोध टीव्हीसाठी नव्हताच. १९६४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी 'प्लेटो' या शिकवणाऱ्या संगणकासाठी हा पडदा बनवला. चित्र एकरंगी, नारिंगी. पण पेटलेला ठिपका पडदा स्वतःच धरून ठेवायचा, महागड्या मेमरीचा खर्च वाचायचा. किती सुंदर डोकं! ४२ इंची रंगीत संच बाजारात यायला १९९७ उजाडलं.

त्रास आहेतच. बाबा दिवसभर बातम्या लावतात. कन्नड सिनेमा लावला तरी कोपऱ्यात मराठी चॅनेलचं नाव पुसट उमटलेलं. आता चॅनेल बदलत राहतो, नाव बरंच विरलंय. वीजही खातो. पांढरंशुभ्र दृश्य आलं की मीटरवरचा लाल दिवा भराभर लुकलुकतो, अंधारं आलं की मंदावतो. तासाभराने काचेला हात लावला तर चांगली ऊब लागते. व्होल्टेज वरखाली होतं म्हणून स्टॅबिलायझर लावलाच.

खरी काळजी सुट्या भागांची. पॅनासॉनिकने २०१३ मध्ये प्लाझ्मा बंद करायचं जाहीर केलं, पुढच्या वर्षी सॅमसंग आणि एलजीही थांबले. खानापूर, निपाणी, चिकोडीकडे कुणाचा बंद ४२ इंची प्लाझ्मा माळ्यावर पडला असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी मला सांगा. आतला वीज पुरवणारा पॉवर बोर्ड चालू असला तरी पुरे, घ्यायला मी येतो.