नवख्याला आधी काय दाखवाल: ‘ब्लिंक’ की ‘द इनर लाइट’?

ठाण्यात आमच्या घरी कुणी नवखा सायन्स फिक्शन बघायला बसला की वाद ठरलेला. ऐरोलीची धाकटी बहीण ‘डॉक्टर हू’ मालिकेतल्या ‘ब्लिंक’ या एपिसोडची बाजू घेते, मी ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ मालिकेतल्या ‘द इनर लाइट’ची. सायन्स फिक्शनचा मानाचा ह्युगो पुरस्कार दोन्हींना आहे, त्यामुळे तो मुद्दा बाद.

‘ब्लिंक’ला (२००७) पूर्वतयारी लागत नाही. मालिकेचा नायक, डॉक्टर, अगदी थोडा वेळ दिसतो. गोष्ट पेलते ती कॅरी मलिगनची सॅली स्पॅरो. दगडी देवदूत आपण बघतोय तोवर पुतळे, पापणी लवली की अंगावर. बस्स, एवढंच. लहान पोरांनाही कळतं.

‘द इनर लाइट’ (१९९२) मात्र संथ. एका अनोळखी यानाच्या किरणाने अंतराळजहाजाचा कॅप्टन पिकार्ड कोसळतो आणि कटान ग्रहावर कामिन म्हणून अख्खं आयुष्य जगतो. आधी तो हटून बसतो, मग हळूहळू तिथला होतो: बायको, दोन मुलं, नातू, वाढत जाणारा दुष्काळ. त्याच्या जहाजावर तेवढ्यात जेमतेम पंचवीस मिनिटं गेलेली! त्याचा तरुण मुलगा झालाय पिकार्ड साकारणाऱ्या पॅट्रिक स्टुअर्टचा खरा मुलगा डॅनियल, हे कळल्यावर तर ते प्रसंग आणखी चटका लावतात. शेवटी पिकार्ड कामिन म्हणून वाजवलेली ती छोटी बासरी छातीशी धरतो, तिथे मी दरवेळी रडतो. हसा खुशाल.

तरी नवख्याला आधी ‘ब्लिंक’च. एकाकी, शिस्तीचा पिकार्ड ओळखीचा नसेल, तर त्याला संसार मिळाला काय नि हरवला काय! ‘नेक्स्ट जनरेशन’चे चार-पाच एपिसोड होऊ द्यात, मग ‘द इनर लाइट’. बहिणीला मात्र हे सांगू नका.