स्टेशनवर हातात दिलेला ‘जुना फ्रेंच क्लॅरिनेट’

जुनी वाद्यं ‘रिस्टोअर करून’ विकणाऱ्या एका माणसाने माझ्या ताईला ३८ हजारांना फसवलं. तोच माणूस अजून गिऱ्हाइकं शोधतोय. आपल्या तळकोकणात बँडपथकं, भजनी मंडळं आणि वाद्य शिकायला धडपडणारी पोरं कमी नाहीत, म्हणून काय झालं ते नीट सांगतो.

भाचा पथकात क्लॅरिनेट (सनईसारखं फुंकून वाजवायचं वाद्य) शिकतो. पथकाचं वाद्य घरी नेता येत नाही आणि नवीन, चांगला लाकडी क्लॅरिनेट लाखांच्या घरात जातो. अशात व्हॉट्सॲपवर जाहिरात आली : ‘१९४८ चा बुफे आर-१३, ओरिजिनल आफ्रिकन लाकूड, चांदीच्या चाव्या, फुल रिस्टोअर’. बुफे ही क्लॅरिनेट बनवणारी फ्रेंच कंपनी, आर-१३ हे तिचं मॉडेल. फोटो झकास होते. ताईने विचारल्यावर त्याने व्हॉइस मेसेज पाठवला, की वाद्य लाकडी आहे, लो पिच (म्हणजे आजच्या पट्टीतलं) आहे आणि दोन्ही जॉइंट, म्हणजे वरचा आणि खालचा तुकडा, मूळचे आहेत. कोणीतरी सफाईने वाजवतानाचा व्हिडिओही पाठवला. १८ हजार ॲडव्हान्स घेतले. बाकीचे वाद्य हातात दिल्यावर, आणि वाद्य देणार कुठे, तर कुडाळ स्टेशनवर. तो गोव्याकडे चालला होता म्हणे.

गाडी कुडाळला दोन मिनिटं थांबते. डब्याच्या दारातून त्याने पेटी पुढे केली, ताईने उघडून पाहिलं, आत लालभडक मखमलीवर काळंभोर वाद्य चकाकत होतं. त्याने मोबाईलवर क्यूआर धरला, ताईने २० हजार पाठवले, गाडी सुटली. ही जागा त्याने विचार करून निवडली होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दोन मिनिटांत क्लॅरिनेट जोडून, रीड (फुंकायच्या तोंडावरची पातळ पट्टी) बांधून कोण वाजवून बघणार?

चतुर्थी जवळ आली होती, भजनाच्या तालमी सुरू होत्या. भाचा वाद्य घेऊन बसला. हार्मोनियमच्या पेटीवर बसलेल्या अण्णांनी काळी पाच धरली, क्लॅरिनेट चढा. पांढरी सात धरली, आता उतरलेला. बॅरल (वरच्या टोकाचा छोटा तुकडा) बाहेर ओढून पाहिली तर काही सूर पेटीला मिळायचे आणि बाकीचे आणखीच फिसकटायचे. शेवटी अण्णा भाता बंद करून म्हणाले, “झिला, ह्यां खयच्याच पट्टीत बसणा नाय.” पोराचं तोंड एवढंसं झालं. दोष आपल्या फुंकण्याचा, असंच त्याला वाटत राहिलं. मला राग आला तो त्याचा.

वेंगुर्ल्याला एक निवृत्त बँडमास्तर आहेत, त्यांच्याकडे वाद्य नेलं. मास्तरांनी आधी वाजवलंच नाही. खालचा जॉइंट हातात घेऊन अंगठ्याने जोरजोरात घासला आणि नाकाशी धरला. मग माझ्यापुढे केला. गंधकाचा वास, स्पष्ट. “रबर आसा ह्यां,” ते म्हणाले. म्हणजे एबोनाइट, गंधक घालून कडक केलेलं रबर. त्यांनी कापसाचा बोळा थोडा ओला करून फिरवला तर बोळा काळा झाला आणि पॉलिशखालून हिरवट-तपकिरी रंग वर आला. एबोनाइट उजेडाने असंच विटतं. मास्तरांनी एक चावी काढली. तिच्याखाली ऊन पोचलं नव्हतं, तिथे चावीच्या आकाराची काळी खूण तशीच होती. बाकी सगळ्यावर बूट पॉलिश.

एबोनाइट वाईट असं मास्तर म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. हवेतला ओलावा आणि तापमान सारखं बदललं की लाकूड तडकतं, एबोनाइट तसं तडकत नाही, त्यामुळे लष्करी बँडांसाठी तसे क्लॅरिनेट बनत आणि त्यातले काही उत्तम वाजतात. पण ते लाकूड म्हणून, लाकडाच्या भावात विकणं ही लबाडी आहे.

वरचा जॉइंट मात्र खरोखर लाकडी निघाला, आफ्रिकन ब्लॅकवुड, आपल्या शिसवीच्याच कुळातलं. बॅटरीचा झोत तिरका धरल्यावर वरच्या भोकापासून खाली उतरलेली चीर दिसली. नखाने टोकरलं तर मेण निघालं. चीर बुजवणं हा गुन्हा नाही. चांगला कारागीर त्याच लाकडाची पूड आणि सायनो गोंद (झटपट चिकटणारा) वापरून ती भरतो, गरज पडली तर पिना घालतो, आणि गिऱ्हाइकाला दाखवतो. इथे मेण भरून वर काळं फासलं होतं.

मग सुराचा उलगडा झाला. खालच्या जॉइंटवर एक जागा घासून गुळगुळीत केलेली होती, तरी तिरक्या उजेडात ‘एच. पी.’ ही अक्षरं लागत होती. हाय पिच. ब्रिटिश फौजेचे बँड १९२०च्या दशकाच्या अखेरपर्यंत चढ्या पट्टीत वाजवत. त्यांच्या ‘ए’ सुराची कंपनं सेकंदाला सुमारे ४५२, आजची ४४०. फरक जवळपास पाव सुराचा, म्हणून आमचा क्लॅरिनेट काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध लोंबकळत होता. अशी वाद्यं इंग्रजांच्या पलटणींबरोबर भारतात आली आणि इथेच राहिली. बॅरल ओढून ती आजच्या पट्टीत येत नाहीत. थोडी बोटं ठेवून वाजणारे सूर जास्त उतरतात, सगळी बोटं ठेवून वाजणारे कमी, आणि सप्तक वाकडं होतं. संग्रहात ठेवायला ठीक. पेटीबरोबर वाजवायला निरुपयोगी.

जाहिरातीतलं बाकीचंही खोटं होतं. आर-१३ हे मॉडेल १९५५ साली आलं, मग १९४८ चा आर-१३ कुठून आणणार? असाच ‘१९२० चा बूसी अँड हॉक्स’ कोणी दाखवला तर लक्षात ठेवा, बूसी आणि हॉक्स या दोन कंपन्या १९३० साली एक झाल्या. ‘चांदीच्या चाव्या’ म्हणजे जर्मन सिल्व्हर : तांबं, निकेल आणि जस्त, चांदी औषधालाही नाही. बुफेचा शिक्का लाकडात उतरलेला असतो, आमचा वरून सोनेरी रंगाने काढलेला होता. बुफेच्या वरच्या आणि खालच्या जॉइंटवर एकच नंबर असतो. इथे वर एक अर्धवट नंबर, खाली कोरं.

त्याला फोन केला तर आधी गोड बोलला, मग “जुन्या वस्तूची गॅरंटी नसते” म्हणाला, मग ब्लॉक केलं. आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरवर आणि पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे. व्हॉइस मेसेज आम्ही जपून ठेवलाय, कारण ‘लो पिच, लाकडी’ हे शब्द त्याच्याच आवाजात आहेत. तुम्हीही असं प्रत्येक आश्वासन लेखी किंवा आवाजात घ्या.

लांबून घ्यायचंच असेल तर सफाईने वाजवलेली धून मागू नका. ती कुठल्याही वाद्याची असू शकते. वाद्य आणि ट्यूनर (सूर मोजणारं यंत्र) एकाच चौकटीत दिसतील असा व्हिडिओ मागा, त्यात सलग लांब सूर हवेत, खालचे आणि वरचे दोन्ही. मग त्याच व्हिडिओत जॉइंट सुटे करून नंबर दाखवायला सांगा. माउथपीस (तोंडात धरायचा भाग) सोडून जोडलेल्या वाद्याला टेप लावायला सांगा. आजचा बी फ्लॅट क्लॅरिनेट साधारण ६० सेंटिमीटर भरतो, हाय पिचचा दोनेक सेंटिमीटर आखूड. आणि समोर असाल तर मास्तरांनी दाखवलेली ही युक्ती करा : वरचा जॉइंट एकटा घ्या, डाव्या हाताने अंगठ्याच्या भोकासकट सगळी भोकं झाका, खालचं तोंड उजव्या तळव्याने बंद करा आणि वरून हवा ओढा. चाव्यांखालचे पॅड नीट बसलेले असतील आणि चीर नसेल तर ओढ टिकते, तोंड काढताना ‘टप्प’ वाजतं. आमच्या वाद्यात हवा सुळकन आत शिरत होती.

त्याच फोटोंची जाहिरात आता दुसऱ्या नंबरावरून रत्नागिरीकडच्या ग्रुपवर फिरतेय. लाल मखमलीची पेटी, मागे निळा पडदा, बेलवर (वाद्याच्या खालच्या रुंद तोंडावर) सोनेरी शिक्का, आणि वाद्य स्टेशनवर द्यायची तयारी. ती तुमच्यापर्यंत आली तर ॲडव्हान्स देऊ नका, आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून तुमच्या पोलीस ठाण्यात द्या.