हरिहरेश्वर की देवबाग? किनारा कसा घडतो हे मुलांना कुठे दाखवावं

नववीच्या भूगोलात सागरी कडा, तरंगघर्षित मंच, पुळण, वाळूचा दांडा हे सगळं आकृत्यांतून येतं आणि परीक्षेनंतर विसरलं जातं. किनारा एकदा पायाखालून गेला की विसरत नाही. पण सहल वर्षातून एकच निघते, त्यामुळे खडक दाखवायचा की वाळू, हे ठरवावं लागतं. मी मुलांना दोन्हीकडे नेलं आहे. श्रीवर्धन तालुक्यातलं हरिहरेश्वर आणि मालवण तालुक्यातलं देवबाग यांतलं एक निवडायचं असेल, तर हे वाचून निवडा.

हरिहरेश्वरला जायचं ते देवळाच्या प्रदक्षिणेच्या वाटेसाठी. दोन कड्यांमधल्या अरुंद फटीतून पायऱ्या उतरतात आणि समोर काळ्या खडकाचा सपाट मंच येतो. हा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाट आदळते तेव्हा भेगेतली हवा कोंडते, दाबली जाते आणि पाणी मागे हटताच एकदम सुटते. वर्षानुवर्षं असं झालं की भेग रुंदावते आणि दगड निखळतो. तोच निखळलेला दगड पुढच्या लाटांच्या हाती हत्यार म्हणून लागतो. पायथा पोखरला की वरचा कडा कोसळतो, आणि कडा जसजसा मागे सरतो तसतसा पुढे मंच उरतो. खळग्यांत अडकलेले गोटे गरगर फिरून रांजणखळगे कोरतात, तेही इथे दिसतात.

पण मुलं सगळ्यात जास्त रेंगाळतात ती जाळीदार भिंतीपाशी. मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं, मध्ये बोटाएवढ्या जाडीच्या कडा. दर वेळी कोणीतरी सांगतं, "सर, हे लाव्हातले बुडबुडे." मी त्यांना शेजारचा ताजा फुटलेला दगड बघायला लावतो. वायूचे बुडबुडे दगडाच्या आतही विखुरलेले असतात, काही गारगोटीने भरलेले. ही जाळी मात्र फक्त उघड्या पृष्ठभागावर, तुषार पोचतात तिथेच. खारं पाणी छिद्रांत शिरतं, उन्हात वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे कण आतून ढकलून पाडतात. एका मुलीने भोकात बोट फिरवून जिभेला लावलं आणि म्हणाली, "खारट!" विदारणातली, म्हणजे खडक जागच्या जागी फुटण्यातली, स्फटिकता त्या दिवशी सगळ्या वर्गाला कळली.

हरिहरेश्वरची अडचण एकच, आणि ती गंभीर आहे. ही वाट ओहोटीलाच चालायची. भरतीत ती पाण्याखाली जाते, लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना इथे घडल्या आहेत, आणि पावसाळ्यात तर तिकडे फिरकूच नये. म्हणून तारीख कॅलेंडरवरची सुट्टी बघून नव्हे, तिथी बघून ठरवा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. तृतीयेला तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनला भरती आणि त्याआधी साधारण सहा तास, सकाळी आठच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया सर्वात चांगली, कारण उधाणाच्या दिवसांत पाणी दूरवर ओसरतं. अष्टमीच्या आसपास ओहोटी सोयीच्या वेळी, दुपारी येते, पण भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराच्या दिवसांतलं, पाणी फारसं ओसरत नाही, मंच अर्धाच उघडा पडतो. हा अंदाज झाला. निघण्याआधी भरतीचे तक्तेही बघा आणि गावात विचारा.

देवबागचा स्वभाव अगदी निराळा. कर्ली नदी समुद्राच्या हाकेच्या अंतरावर येऊनही त्याला थेट मिळत नाही, किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे वळते. मधे उरतो वाळूचा लांबट दांडा, एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला समुद्र, आणि त्यावर नारळाच्या वाडीतलं अख्खं गाव. तिरप्या लाटा वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने सरकवत नेतात, नदी आपला गाळ आणून ओतते, आणि दोघांच्या ओढाताणीत खाडीच्या तोंडाशी वाळूचे पट्टे उठतात, बुडतात. ज्याला लोक त्सुनामी आयलंड म्हणतात तोही असाच एक पट्टा.

वाळू ओंजळीत घ्या. तारकर्ली-देवबागची पांढरट, कारण या भागात बेसाल्टहून जुने ग्रॅनाइट आणि वालुकाश्म आहेत, त्यांतलं क्वार्ट्झ झिजूनही टिकतं. हरिहरेश्वरची काळसर, बेसाल्टची. तिच्यात लोहचुंबक फिरवला की काळे कण चिकटून येतात. पावसाळ्यात उंच लाटा पुळणीची वाळू ओढून समुद्रात नेतात, नंतर शांत लाटा ती हळूहळू परत आणतात. ती पुरेशी परतली नाही की काय होतं, हेही देवबागला दिसतं: धूप अडवायला घातलेले दगडी बंधारे आणि त्यांच्यामागे लोकांची घरं. माझ्या मते कुठल्याही आकृतीपेक्षा हे मोठं शिक्षण आहे, कारण इथे माणसं राहतात.

अंतराचं म्हणाल तर पुण्याहून हरिहरेश्वर साधारण १७५ किलोमीटर, मुक्काम एक रात्र पुरतो. देवबाग चारशेच्या आसपास, दोन रात्री तरी लागतात, शिवाय संगमावर जायला होडी, म्हणून खर्च वाढतो.

मला एकच निवडायचं झालं तर नववीच्या वर्गासाठी हरिहरेश्वर. पुस्तकातले शब्द तिथे एकाच फेरीत हाताला लागतात. मोठ्या मुलांसाठी, किंवा ज्यांनी खडक आधी पाहिलाय त्यांच्यासाठी, देवबाग. तिथे एक काठी रोवून पाणी कुठवर आलं याची दर तासाला नोंद ठेवायला सांगा. आणि शाळेने तारीख आधीच ठरवून टाकली असेल नि त्या दिवशी अष्टमी-नवमी पडत असेल, तर मुलांना अर्ध्या बुडालेल्या वाटेवर उतरवू नका, सरळ देवबागच्या गाडीत बसवा.