एडिनबरो प्रश्नावली: बाळंतिणीची विचारपूस करणारा एक कागद

ज्या वस्तूविषयी हा अभिप्राय लिहीत आहे, ती दुकानात विकत मिळत नाही. ए-फोर आकाराचा एक कागद, त्यावर दहा प्रश्न, प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय, आणि भरायला लागणारी पाचेक मिनिटे, एवढाच तिचा पसारा आहे. बाळंतपणानंतर आईला नैराश्य आले आहे का, याचा अंदाज घेण्यासाठी जगभर वापरली जाणारी ही ‘एडिनबरो पोस्टनेटल डिप्रेशन स्केल’ नावाची प्रश्नावली जॉन कॉक्स, जेनी होल्डन आणि रूथ सागोव्स्की या तिघांनी स्कॉटलंडमध्ये तयार केली आणि १९८७ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’त प्रसिद्ध केली. मूळ लेखकांचा आणि नियतकालिकाचा उल्लेख प्रतीवर ठेवला, तर दवाखान्यांना तिच्या झेरॉक्स काढून वापरता येतात. माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कोल्हापुरात आली असताना हा कागद तिच्यापुढे दोन निरनिराळ्या ठिकाणी आला आणि त्या दोन ठिकाणी त्याचा जो उपयोग झाला, त्यात जमीन-अस्मानाचे अंतर होते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी कागदाविषयी. माझी नोकरी माध्यमिक शाळेत झाली, त्यामुळे प्रश्नपत्रिका हातात आली की ती कोणी आणि काय विचार करून काढली असेल, याकडे माझे आधी लक्ष जाते. या प्रश्नपत्रिकेला मी चांगले गुण देईन. गेल्या सात दिवसांत तुम्हाला कसे वाटले एवढेच ती विचारते, आणि सुरुवात करते ती हसण्यापासून: गमतीच्या गोष्टीवर तुम्हाला हसू येते का, पूर्वीइतकेच येते, तितके येत नाही, नक्कीच कमी येते, की अजिबात येत नाही. मग पुढच्या दिवसांची वाट पाहण्यातला आनंद, उगाच स्वतःला दोष देणे, कारण नसताना काळजी वाटणे, घाबरून जाणे, कामांचा डोंगर झेपेनासा होणे, उदास वाटणे, रडू येणे, अशा पायऱ्या उतरत ती शेवटच्या, दहाव्या प्रश्नापाशी पोहोचते. स्वतःला इजा करून घेण्याचा विचार मनात आला का, हा तो प्रश्न. एवढा अवघड प्रश्न पहिल्याच ओळीत विचारला असता, तर बहुतेक बायकांनी कागद मिटवून परत दिला असता.

या प्रश्नावलीतले खरे शहाणपण मात्र तिने जे विचारलेले नाही त्यात आहे. नैराश्याच्या नेहमीच्या चाचण्यांमध्ये थकवा येतो का, भूक मंदावली आहे का, झोप लागते का, हे हमखास विचारलेले असते. रात्रीतून चार वेळा दूध पाजायला उठणाऱ्या बाईला हे प्रश्न विचारले, तर ठणठणीत बाईसुद्धा आजारी ठरेल. म्हणून येथे थकव्याचा आणि भुकेचा प्रश्नच नाही. झोपेचा एक आहे, पण तोसुद्धा ‘मन इतके दुःखी आहे की झोप लागत नाही’ अशा बेताने विचारलेला. बाळ शांत निजलेले असताना आई छताकडे पाहत जागी राहते का, हे त्यातून कळते, आणि विचारायला हवे तेही नेमके तेवढेच.

गुण देण्याची पद्धतही विचारपूर्वक ठरवली आहे. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन, म्हणजे एकूण तीस गुण. मात्र पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नात गुण वरून खाली चढत जातात, तर उरलेल्या सात प्रश्नांत ते उलटे, वरून खाली उतरत येतात. न वाचता सगळीकडे पहिल्याच पर्यायावर खूण करत जाणाऱ्याची लबाडी त्यामुळे पटकन लक्षात येते. साधारणपणे दहा किंवा त्याहून अधिक गुण आले तर लक्ष द्यावे, तेरा किंवा अधिक आले तर नैराश्याची शक्यता बरीच आहे असे धरून डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, आणि दहाव्या प्रश्नाला शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी त्या बाईशी बोलावे, असा दंडक आहे. येथे जास्त गुण म्हणजे अधिक काळजी, ही गोष्ट आम्हा शिक्षकांच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागतो.

आता वापराविषयी. पहिल्यांदा हा कागद मिळाला तो प्रसूतिगृहातून डिस्चार्ज मिळण्याच्या सकाळी. बिल, औषधांची यादी, बाळाच्या लसींचे कार्ड आणि ‘आमची सेवा कशी वाटली’ हा अभिप्रायाचा फॉर्म, या गठ्ठ्यात तो टाचणी लावून दिलेला होता. खोलीत मी होते, विहीणबाई होत्या, जावई बिलासाठी आत-बाहेर करत होते आणि आत्याबाई बाळाचे नाक कोणावर गेले आहे याचा निवाडा करत होत्या. लेकीने उभ्या उभ्या खुणा केल्या. काउंटरवरच्या मुलीने तो कागद न पाहताच फाइलला लावला आणि पुढच्या पेशंटचे नाव पुकारले. बेरीज कोणी केली नाही. केली असती तरी तिचा फारसा उपयोग नव्हता, कारण बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी निम्म्याहून अधिक बायकांना विनाकारण रडू येते, चिडचिड होते, आणि ते बहुधा दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरते. खरे नैराश्य हळूहळू, पुढच्या आठवड्यांत आणि महिन्यांत घर करते. डिस्चार्जच्या दिवशी एकदा फॉर्म भरून घेऊन ‘मानसिक आरोग्य तपासणी झाली’ असे नोंदवणे म्हणजे केवळ कागदोपत्री पूर्तता आहे, आणि त्या प्रसूतिगृहाच्या या एका सेवेला मी शून्य गुण देते. बाळंतपण त्यांनी उत्तम केले, हेही येथे सांगायला हवे.

दुसऱ्यांदा कागद पुढे आला तो बाळाच्या डॉक्टरांकडे, दीड महिन्याच्या डोसच्या वेळी. येथे मी खास थांबून सांगते, कारण सेवा कशी असावी ते मला तिथे पाहायला मिळाले. बाळाचे वजन झाले, लस झाली, रडून झाले, आणि मग सिस्टर मला म्हणाल्या, ‘आजी, तुम्ही बाळाला घेऊन जरा बाहेर बसता का? ताईंशी दोन मिनिटं बोलायचंय.’ दार लोटून घेतले गेले. लेकीने नंतर सांगितले की सिस्टर कागद हातात देऊन स्वतः खिडकीपाशी नोंदवहीत काहीतरी लिहीत बसल्या, तिच्याकडे पाहत राहिल्या नाहीत. नवव्या प्रश्नाशी पेन अडले तेव्हा ‘घाई नाही’ एवढेच म्हणाल्या. आणि बेरीज तिथल्या तिथे करून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. बेरीज चौदा होती. दहाव्या प्रश्नाचे उत्तर शून्य होते आणि तरीही सिस्टरांनी तो प्रश्न तोंडाने पुन्हा एकदा विचारला, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण लिहून कबूल न केलेली गोष्ट माणूस विचारल्यावर कधी कधी सांगतो.

या दीड महिन्यात घरात काही दिसत नव्हते असे नाही. शेक-शेगडी, मालिश, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सगळे यथासांग चालले होते. लेक खात होती, बाळाचे सगळे करत होती, आलेल्या बायकांशी बारशाला हसून बोललीही होती. तोंड उतरलेले दिसले की ‘जागरणं होतात ना’ हे उत्तर तिच्याकडे तयार असे आणि आमच्याकडेही. आपल्याकडे बाळंतिणीच्या कानाला वारा लागू नये म्हणून रुमाल बांधतात. तिच्या मनाची चौकशी ‘बरी आहेस ना?’ या एका प्रश्नात उरकतात, ज्याचे उत्तर ‘हो’ असेच द्यायचे असते. कागदाने तोच प्रश्न दहा बाजूंनी विचारला आणि प्रत्येक वेळी चार उत्तरे पुढे ठेवली, एवढाच काय तो फरक.

चौदा गुण म्हणजे निदान नव्हे, हे बाळाच्या डॉक्टरांनी लगेच स्पष्ट केले आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. त्या तज्ज्ञांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी आधी करून घेतली, कारण रक्तक्षय किंवा बाळंतपणानंतर बिघडलेली थायरॉइड ग्रंथी यांची लक्षणे नैराश्यासारखीच भासू शकतात. पूर्वी कधी अतिउत्साहाचे, झोपेवाचून भरपूर कामे उरकण्याचे दिवस आले होते का, हेही खोदून विचारले. तसे असेल तर आजार वेगळा असतो, औषधही वेगळे लागते, आणि ही प्रश्नावली त्या दोहोंतला फरक ओळखू शकत नाही. समुपदेशन सुरू झाले आणि सर्ट्रालीन नावाची गोळी कमी मात्रेत दिली गेली. गोळीवरून घरात रामायण झाले. ‘दूध नासेल’ ही भीती विहीणबाईंइतकीच मलाही होती. पण ही गोळी दुधात अगदी थोड्या प्रमाणात उतरते आणि अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी बहुधा तिचाच विचार आधी होतो, हे डॉक्टरांनी दोन्ही आज्यांना समोर बसवून न कंटाळता समजावले. ज्यांच्या घरी हा प्रश्न उभा राहील, त्यांनी गोळी परस्पर बंद न करता हाच संवाद आपल्या डॉक्टरांशी घडवून आणावा.

प्रश्नावलीच्या मर्यादाही गंभीर आहेत. प्रसूतीनंतर हजारात एक-दोन बायकांना तीव्र मनोविकार होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच. झोप पूर्ण उडणे, असंबद्ध बोलणे, भास होणे, बाळाविषयी भलतेच संशय घेणे अशी लक्षणे दिसली तर कागद भरत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. अशा वेळी आईला दाखल करून बाळ घरी ठेवायचे, ही आपल्याकडची नेहमीची कोंडी. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत आई आणि बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा स्वतंत्र कक्ष आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही उपचार घेणाऱ्या स्त्रीला तिच्या तीन वर्षांखालील मुलापासून सामान्यतः वेगळे करू नये असे म्हटले आहे. शिवाय घरातली मारहाण, मुलगाच हवा हा आग्रह, पैशाची ओढाताण यांविषयी प्रश्नावली एक शब्दही विचारत नाही. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या बायकांचा जो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यात सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास २३ टक्के आयांना नैराश्य आढळले होते, आणि त्यामागे नेमकी हीच कारणे दिसली होती. त्या अभ्यासातही बायकांना हीच प्रश्नावली दिलेली होती. म्हणजे दुखणे कागदाने दाखवले, पण का दुखते ते विचारायला माणूसच लागला.

दर पाचांत एक, असे प्रमाण केवळ गोव्यातले म्हणावे, तर २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या, भारतातल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातही आकडा २२ टक्के निघाला. इतक्या आयांना मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात कोण नेणार? मला वाटते, नेण्याची गरजच नाही. त्या दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या डोसला बाळ घेऊन आपणहून येतातच. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा येतात, त्यातली शेवटची भेट तर नेमकी या प्रश्नांसाठीच असावी अशा वेळी पडते. वजनकाटा बाळासाठी आणि कागद आईसाठी, अशी जोडी लावायला वेगळी इमारत किंवा यंत्र लागत नाही; लागते ती एक बाजूची खोली आणि चौदा बेरीज आली तर पुढे कोणाकडे पाठवायचे त्याचा ठरलेला पत्ता. पत्ता नसेल, तर मात्र कागद देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. बाईला बोलते करून तसेच घरी धाडणे हे न विचारण्यापेक्षा वाईट.

घरच्या घरी प्रश्नावली उतरवून भरणाऱ्यांनी ती एकटीने भरावी, सासू किंवा आई खांद्यावरून डोकावत असताना नव्हे, आणि भरलेला कागद डॉक्टरांना दाखवावा. जवळ तज्ज्ञ नसेल, तर केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतून बोलता येते. गरोदरपणीही ही प्रश्नावली वापरता येते. पुष्कळांचे नैराश्य तेव्हाच सुरू झालेले असते आणि सातव्या महिन्यात डोहाळजेवणाच्या गडबडीत ते कोणाच्या ध्यानात येत नाही. बापांसाठीही ती वापरतात, मात्र त्यांच्याबाबतीत थोड्या कमी गुणांनाच सावध व्हावे लागते. आमच्या जावयांनी साडेतीन महिन्यांच्या डोसच्या वेळी स्वतःहून एक प्रत मागून घेतली. त्या दिवशी लेकीची बेरीज सात आली. जावयांची त्यांनी आम्हाला सांगितली नाही, आणि सिस्टरांनी त्यांनाही बाजूच्या खोलीत बसवले.