१९५६ सालची वृत्तपत्रे, तालुक्याच्या वाचनालयात

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाने जुन्या दैनिकांचे बांधीव खंड सभासदांना तेथेच बसून वाचण्यासाठी खुले केले आहेत. त्यांपैकी १९५६ सालचे खंड मी जानेवारीपासून क्रमाने वाचले आणि त्यावरून ही सेवा कशी आहे ते लिहीत आहे.

वर्षाची निवड मी मुद्दाम केली. राज्यपुनर्रचना, धम्मदीक्षा, आयुर्विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण, मुलींना वडिलांच्या मालमत्तेत वारसाहक्क देणारा हिंदू उत्तराधिकार कायदा, तुर्भे येथे ४ ऑगस्टला कार्यान्वित झालेली अप्सरा अणुभट्टी, हे सारे त्या एकाच वर्षात घडले. शाळेच्या पुस्तकात या घटना वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेल्या असतात. रोजचा अंक उलगडत गेले की त्या एकमेकींना खेटून येतात आणि पुढे काय होणार हे ठाऊक नसलेल्या लोकांच्या नजरेने आपण त्या वाचू लागतो.

विदर्भाच्या भवितव्याविषयीचे अंक त्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहेत. राज्यपुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केलेली होती. मुंबई शहर महाराष्ट्राला द्यायचे की नाही या प्रश्नावरून जुलैमध्ये चिंतामणराव देशमुख अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देतात. ऑगस्टमध्ये विशाल द्विभाषिकाचा, म्हणजे मराठी व गुजराती भाषकांच्या एकत्रित मुंबई राज्याचा, निर्णय होतो आणि १ नोव्हेंबरला बुलढाण्यापासून चांद्यापर्यंतचे (आजचे चंद्रपूर) आठ जिल्हे मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात जातात. नागपूरचे राजधानीपद त्या दिवशी गेले. ज्यांच्या घरी आजही या विषयावर तावातावाने बोलले जाते, त्यांनी हे महिने अवश्य वाचावेत, कारण दोन्ही बाजूंचे आजचे बहुतेक युक्तिवाद तेव्हाही तितक्याच हिरिरीने मांडले जात होते.

ऑक्टोबरचा खंड सर्वाधिक हाताळलेला दिसतो, आणि ते स्वाभाविक आहे. १४ तारखेला, विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात ज्येष्ठ भिक्खू महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व लाखो अनुयायांना दिली; १६ तारखेला चांद्यालाही सोहळा झाला. त्यानंतर दोन महिनेही उलटत नाहीत तोच ७ डिसेंबरचा अंक येतो. आदल्या दिवशी दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झालेले असते, आणि त्याच दिवशी मेलबर्नला भारताने पाकिस्तानला १-० असे हरवून हॉकीचे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलेले असते. त्या पानांपाशी मी बराच वेळ थांबलो. तमिळनाडूतील अरियलूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्री यांनी मंत्रिपद सोडले, ती बातमीही याच सुमाराची आहे.

सेवेतील उणिवा मात्र गंभीर आहेत. बांधणी इतकी घट्ट केली आहे की आतल्या बाजूच्या स्तंभातील शब्द शिवणीत जातात. उन्हाळ्यातील काही अंकांना कसर लागली असून कागद हात लावताच तुटतो. विषयवार सूची नसल्यामुळे एखादी बातमी हवी असेल तर अख्खा महिना चाळावा लागतो. झेरॉक्स काढू देत नाहीत, हा नियम योग्यच आहे. पण मोबाइलने छायाचित्र घेण्यासही मनाई असण्याचे कारण मला पटले नाही, कारण त्याने कागदाची झीज होत नाही. वाचनालयाने या खंडांचे स्कॅनिंग तातडीने करून घ्यावे आणि त्याची सुरुवात ऑक्टोबर ते डिसेंबरच्या खंडापासून करावी.

ग्रंथपाल ताईंचे सहकार्य उत्तम आहे. खंड उघडताना पानाखाली पुठ्ठा कसा धरावा हे त्या प्रत्येकाला स्वतः दाखवतात. वाचनाचे वेगळे शुल्क नाही, सभासदत्व पुरेसे आहे. खंड माळ्यावर ठेवलेले असल्याने आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते. दुपारी वीज गेली तर अभ्यासिकेत बारीक टाईप वाचणे अशक्य होते, म्हणून बाहेरगावाहून एसटीने येणाऱ्यांनी सकाळचीच वेळ ठरवावी.