शिफारसपत्र: मोकळं की छापील नमुन्याचं?

अमेरिकेत सर्जरीच्या रेसिडेन्सीला, म्हणजे डॉक्टर झाल्यावरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाला, अर्ज करताना वरिष्ठांची शिफारसपत्रं लागतात. मोकळ्या पत्रात मुलगा सहज 'उपजत सर्जन' होतो आणि मुलगी 'कष्टाळू, मनमिळाऊ'. कौतुक दोन्हीकडे आहे, पण तिचा हात टाके घालताना किती स्थिर असतो, हे कुठे आलं? वैद्यकीय प्राध्यापकपदांसाठीच्या ३०० हून जास्त पत्रांचा तिथला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्त्रियांची पत्रं सरासरीने आखूड आणि शंकेला जास्त वाव देणारी निघाली.

छापील नमुन्यात, जसा तिथे इमर्जन्सी मेडिसिनला चालतो, प्रश्न सगळ्यांना तेच. पूर्वग्रह तिथेही शिरतो, पण लपायला जागा कमी. मला हाच बरा वाटतो. फक्त शेवटी चार ओळी मोकळ्या हव्यात, रात्री दोनला आलेलं फुटलेलं अपेंडिक्स तिने कसं हाताळलं ते लिहायला.