गिम्पवर नऊ महिने पोर्ट्रेट रिटचिंग: वापरानंतरचा अनुभव

मी मिरजेत घरगुती कार्यक्रमांचे फोटो काढते. साठी, पंच्याहत्तरी, डोहाळजेवण, बारसं. त्यात वडीलधाऱ्या माणसांची पोर्ट्रेट बरीच असतात, फ्रेम करून भिंतीवर लावायची. आधी मी फोटो मोबाइलच्या एका अ‍ॅपमध्ये टाकून चेहरा गुळगुळीत करायची आणि देऊन टाकायची. एकदा एक गृहस्थ आईचा फोटो परत घेऊन आले. "छान झालाय, पण आई वाटत नाही," एवढंच बोलले. ते वाक्य मनातून जाईना. हाताने रिटचिंग, म्हणजे फोटोतले डाग-दोष दुरुस्त करणं, शिकायचं ठरवलं ते तेव्हापासून.

दर महिन्याला पैसे भरायचं सॉफ्टवेअर मला परवडणारं नव्हतं, म्हणून गिम्प हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर घेतलं. ते फुकट आहे आणि कायम फुकटच राहणार आहे. १९९५ साली अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं आणि आज जगभरचे लोक ते स्वखुशीने पुढे नेतात. मी वापरते ती ३.० मालिका. तिची पहिली आवृत्ती १६ मार्च २०२५ रोजी आली. तिच्यात लावलेला फिल्टर नंतर उघडून कमी-जास्त करता येतो. रिटचिंग करणाऱ्याला ही सोय किती मोठी, हे पुढे लक्षात येईलच. कारण लोकांचं मत घेतल्यावर दहातली सहा कामं मागे न्यावी लागतात.

आता हत्यारांबद्दल. सगळ्यात जास्त वापरते ते हील. कंट्रोल दाबून चांगल्या त्वचेवर क्लिक करायचं आणि मग डागावर ब्रश फिरवायचा. क्लोन हे दुसरं हत्यार तिथला तुकडा जसाच्या तसा आणून ठेवतं, तर हील तो तुकडा नव्या जागेच्या उजेडाशी आणि रंगाशी जुळवून घेतं. गालावरची पुटकुळी दोन सेकंदांत जाते. पण ओठांची कड, केसांची रेघ, चष्म्याची दांडी अशा ठिकाणी हील आजूबाजूचा गडद रंग ओढून आणतं आणि मळकट धब्बा पडतो. तिथे क्लोनच बरं. हे काम मी मूळ लेयरवर, म्हणजे फोटोच्या मूळ थरावर, कधीच करत नाही. लेयरची नक्कल करते, तिच्यावर सगळं साफ करते आणि मग नकलेची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ६०-७० टक्क्यांवर आणते. खालची सुरकुती थोडी वर दिसू लागते आणि चेहऱ्याचं वय परत येतं.

दुसरं, वेव्हलेट डिकंपोज. एन्हान्स या मेनूत आहे. ते फोटोचे थर वेगळे करून देतं. एका थरात त्वचेची बारीक छिद्रं आणि लव, पुढच्यांत हळूहळू मोठ्या रेषा आणि सुरकुत्या, शेवटच्यात नुसते रंगाचे आणि सावलीचे पट्टे. गालावर उन्हाने आलेले काळसर पट्टे घालवायचे तर मधला एखादा थर निवडून तेवढाच भाग हलका धूसर करते. छिद्रांचा थर वेगळा राहतो, त्यामुळे त्वचा त्वचाच दिसते, मेण दिसत नाही. मोबाइलवरच्या गुळगुळीतपणात आणि यात फरक नेमका हाच. हे समजायला मला दोन महिने लागले, पण नंतर या एका गोष्टीसाठीच गिम्प सोडवेना.

उजेड-सावलीसाठी मधल्या करड्या रंगाचा एक लेयर टाकते, मोड सॉफ्ट लाइट, म्हणजे तो खालच्या फोटोत हळुवार मिसळतो. त्यावर पांढऱ्या आणि काळ्या ब्रशने, ओपॅसिटी पाच ते दहा टक्के ठेवून, हळूहळू काम करते. डोळ्याखालचा खड्डा असा उचलला की पिशवी पुसावी लागत नाही. सावली थोडी सौम्य झाली तरी माणूस झोप झाल्यासारखा दिसतो.

कमी पडतं तेही सांगते. कॅमेऱ्याची रॉ फाइल (प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) गिम्प स्वतः उघडत नाही. सोबत डार्कटेबल किंवा रॉथेरपी हे वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. ती दोन्ही फुकटच आहेत, पण नवशिक्याला एक पायरी वाढते. लेयर वाढले की गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइल चांगलीच फुगते, एका पोर्ट्रेटच्या तीन-चार फाइली साठल्या की डिस्क भरते. आणि माऊसने पाच टक्क्यांचं काम होत नाही. एक साधा पेन टॅब्लेट घ्या, दाबाप्रमाणे ब्रश हलका-जड होतो.

पण या नऊ महिन्यांत खरी शिकवण सॉफ्टवेअरने दिली नाही. ती फोटो बघणाऱ्यांनी दिली.

आत्याच्या पंच्याहत्तरीसाठी तिचं पोर्ट्रेट केलं होतं, १२ बाय १८ इंचांत छापायला. तीन संध्याकाळी खर्च केल्या. प्रिंट काढण्याआधी फाइल आतेबहिणीला पाठवली आणि विचारलं, "कसा झालाय?" तिने लगेच लिहिलं, "मस्त." मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "अगं, आईच्या हनुवटीवरचं गोंदण कुठं गेलं?"

मी मूळ फोटो उघडला. हनुवटीवर मधोमध एक हिरवट ठिपका. मोठं करून बघताना मला तो डाग वाटला होता आणि हीलच्या एका क्लिकमध्ये मी तो काढला होता. ज्या आत्याच्या मांडीवर मी वाढले, तिच्या चेहऱ्यावरचं गोंदण मला ओळखू आलं नाही. त्या दिवशी दुसरं काही काम केलं नाही. संध्याकाळी तिच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती रागावली नाही. सात वर्षांची असताना गोंदणारीण दारात आली होती, आईने सुपातून जोंधळे घातले, आपण रडलो म्हणून हातावर गूळ मिळाला, असं सांगत बसली. हे मी याआधी कधी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून ब्रश हातात घेण्याआधी घरच्यांना विचारते की चेहऱ्यावर कायमचं काय आहे. तीळ, लासं (जन्मखूण), देवीचे वण, जुन्या टाक्याची खूण, गोंदण, नथीचं भोक. ते कागदावर लिहून घेते. पुटकुळी पंधरा दिवसांनी जाणार असते, ती काढते. जे पुढच्या वर्षीही तिथेच असणार, ते विचारल्याशिवाय हलवत नाही.

मत कसं मागावं तेही तेव्हाच कळलं. "कसा झालाय?" याला "मस्त" हेच उत्तर येणार. समोरच्याला आपलं मन मोडायचं नसतं. आता मी विचारते, "पहिली नजर कुठे जाते?" आणि "काही हरवल्यासारखं वाटतं का?" उत्तर लगेच मागत नाही, रात्रभर राहू देते. फाइल मोबाइलवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवते, नाहीतर वाटेत ती लहान होते आणि बघणाऱ्याला त्वचेचा पोत दिसतच नाही.

जाणकाराचं मत हवं असेल तर मी आमच्या गल्लीतल्या स्टुडिओवाल्या काकांकडे जाते. स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी तरुणपणी निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग केलंय. खालून उजेड सोडायचा, वर निगेटिव्ह आणि हातात सुईसारखी टोक केलेली पेन्सिल. निगेटिव्हमध्ये सुरकुतीची जागा पातळ असते, तिथे शिसं भरलं की कागदावर ती रेघ उजळ येते. जास्त भरलं तर चेहऱ्यावर पांढरा ओरखडा उठतो, आणि केलेलं मागे घ्यायला अनडू नावाचं काही नव्हतं. म्हणून त्यांचा हात कायम कमी करणारा. माझा पहिला फोटो त्यांनी उलटा धरून बघितला, डोकं खाली, हनुवटी वर. "असा धरला की ओळखीचं माणूस डोळ्यांसमोरून जातं आणि नुसता उजेड दिसतो," म्हणाले. डाव्या गालावर मी सावली पुसून टाकली होती, ते त्या क्षणी मलाही दिसलं. मग विचारलं, "केवढा मोठा करून बघतेस?" दोनशे टक्के, मी सांगितलं. "भिंतीवरचा फोटो कोणी नाक लावून बघतं का?"

गिम्पमध्ये याला सरळ उपाय आहे. व्ह्यू मेनूतलं न्यू व्ह्यू दाबलं की तोच फोटो दुसऱ्या खिडकीत उघडतो. एका खिडकीत मोठा करून काम करायचं, दुसऱ्या खिडकीत अख्खा चेहरा समोर ठेवायचा. ब्रश फिरला की दोन्हीकडे दिसतं. तेव्हापासून माझं काम निम्म्यावर आलं, कारण निम्म्या गोष्टी अख्ख्या चेहऱ्यात दिसतच नाहीत.

रंगाबद्दल मात्र काकांशी माझं जमत नाही. त्यांच्या काळात गिऱ्हाईक आलं की चेहरा उजळ करून द्यायचा हा रिवाजच होता, आणि आजही दर दुसरं गिऱ्हाईक "जरा गोरं करा" म्हणतं. मी करत नाही. आत्याच्या पहिल्या फाइलमध्ये मीही नकळत केलं होतं. तिने स्वतःच बोट ठेवलं, "एवढी गोरी मी कधी होते गं?" शेतात जन्म गेलेल्या बाईचा सावळा, तांबूस रंग मी कर्व्ह (उजेड कमी-जास्त करायची रेघ) वर ओढून घालवला होता. आता उजेड वाढवायचा तर सावलीत वाढवते, रंगाला हात लावत नाही. यावरून दोन कामं गेली. जाऊ देत.

प्रिंटचं थोडक्यात. माझा कॅमेरा ६००० बाय ४००० पिक्सेलचा आहे, १२ बाय १८ ला तेवढे पुरून उरतात. पहिली प्रिंट काळी आली, कारण स्क्रीनचा उजेड मी पूर्ण ठेवून काम करत होते. आता अर्ध्यावर ठेवते आणि आधी चार बाय सहाची एक प्रिंट काढून बघते. लॅबवाल्याला "करेक्शन करू नका" असं पाकिटावर लिहून देते, नाहीतर मशीन परत उजळवतं.

आत्याची फ्रेम तिसऱ्या खेपेला लागली. गोंदण जागेवर आहे, डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या रेघा साठ टक्के आहेत. सध्या तिच्या धाकट्या जावेचं पोर्ट्रेट हातात आहे. छोटी प्रिंट काल काकांकडे ठेवून आले. त्यांनी ती उलटी करून कपाटाला टेकवली आणि म्हणाले, उद्या ये.